हेडसरांचं घड्याळ

काळजी करणं हे जर सरकारी खातं असतं, तर आमचे हेडसर त्या खात्याचे सर्वांत मोठे अधिकारी म्हणून निवृत्त झाले असते, आणि आपल्या जागी येणारा माणूस पुरेशी काळजी करेल की नाही, या काळजीत घरी गेले असते. घाबरट माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. मीही काही वाघ नाही. पण इतक्या निष्ठेने, इतक्या शिस्तीने, रविवारची सुट्टीसुद्धा न घेता काळजी करणारा दुसरा माणूस मला भेटला नाही. आभाळ मोकळं असलं की पाऊस का नाही म्हणून काळजी. ढग आले की शाळेच्या पत्र्यांची काळजी. आणि पाऊस पडून, पत्रे टिकून, सगळं बिनबोभाट पार पडलं, तर मग हेडसर व्हरांड्यात येऊन माझ्याजवळ हळूच म्हणायचे, "मास्तर, इतकं नीट काऊन झालं?" म्हणजे नीट का झालं, याचीही काळजी.

आमची शाळा जिल्हा परिषदेची. आदिलाबाद गाव जिथे संपतं आणि जैनथच्या रस्त्याला कापसाची शेतं लागतात, तिथे तेव्हा नवी कॉलनी वसत होती. कचेरीतले कारकून, जिनिंगमधले कामगार, किराणा-कापडाची छोटी दुकानं टाकलेले लोक, आणि आमच्यासारखे, ज्यांचे आजे दुसऱ्याच्या शेतात राबले आणि जे स्वतः कसेबसे मास्तर झाले, असे सगळे तिथे घरं बांधून राहत होते. नाल्यापलीकडे भाजीवाल्यांचे मळे होते. शाळेच्या एका व्हरांड्यात तेलुगू माध्यम, दुसऱ्यात मराठी. तेव्हा आम्ही आंध्रात होतो. राजधानी हैदराबाद, म्हणजे एका रात्रीचा प्रवास, आणि तिथून निघालेला कोणताही हुकूम आमच्या व्हरांड्यापर्यंत पोचेस्तोवर दमून जायचा. मराठी फक्त सातवीपर्यंत होतं. त्यानंतर मराठी पोरांनी एक तर तेलुगूत उडी मारायची, नाही तर बापामागे शेताची वाट धरायची. बहुतेक जण शेताची वाट धरत, आणि पोरी तर सगळ्याच.

हेडसरांच्या काळज्या पाहायच्या तर त्यांच्या पिशवीपासून सुरुवात करावी लागेल. ही खाकी पिशवी त्यांच्या खांद्यावरून कधी उतरली नाही. तिच्यात सुईदोरा असे, मेणबत्ती असे, हळदीची पुडी, लिंबू, सुतळी, शर्टाची बटणं, जास्तीचा रुमाल आणि सगळ्यात तळाशी घडी घालून ठेवलेली दुसरी रिकामी पिशवी, ही पिशवी फाटली तर. हातात बारमाही छत्री. उन्हाळ्यात छत्री कशाला असं नव्या माणसाने विचारलं की ते त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहत. सकाळी शाळेत आल्यावर पहिलं काम म्हणजे पाण्याचा रांजण. अटेंडर पोशन्ना रांजण भरून ठेवी, हेडसर त्यातला पहिला पेला स्वतः पीत आणि मग व्हरांड्यात स्तब्ध उभे राहून पोटात काही होतं का याची वाट पाहत. पोरं रांगेत उभी. आपले हेडसर अजून उभे आहेत, पडले नाहीत, याची खात्री झाली की मगच पाणी सुरू. बाहेरचा कुणी पाहुणा हे दृश्य पाहून चक्रावत असे, पण पोरांना त्यात वावगं काहीच वाटत नसे. प्रत्येक शाळेत पाणी असंच सुरू होत असणार, अशी त्यांची समजूत होती.

मैदानात चिंचेचं मोठं झाड होतं. त्याची एक फांदी जरा खाली झुकलेली. ती कधीतरी पोरांवर पडेल या भीतीने हेडसरांनी तिला खालून बांबूचा टेकू दिला. मग तो बांबू पडेल म्हणून बांबूला दोऱ्या बांधल्या. मग दोऱ्यांत पाय अडकून पोरं पडतील म्हणून भोवती काटेरी कुंपण घातलं. मग काटे लागतील म्हणून तिथे एका मास्तराची ड्यूटी लावली. तो मास्तर बहुतेक वेळा मीच असे. मी त्या फांदीखाली उभा राहून कितीतरी पेपर तपासले. ती फांदी आजही तिथेच आहे, बांबू मात्र कुजून गेला.

हेडसरांच्या या सगळ्या काळज्यांना एकच माणूस पुरून उरला होता, तो म्हणजे तेलुगू माध्यमाचे ड्रिल सर. गोल पोटाचा, गळ्यात शिटी अडकवलेला, जगात कशाचीही घाई नसलेला माणूस. हेडसर धापा टाकत काहीही सांगत आले, की ड्रिल सर शांतपणे म्हणायचे, "एम कादु सार." काही होत नाही. पैनगंगेला पूर आलाय, एम कादु. तपासणीला साहेब येतायत, एम कादु. सापाची कात सापडलीय, एम कादु. हेडसर चिडून मला म्हणत, "या दोन शब्दाइनं हा माणूस एक दिवस आपल्याले बुडवन." आणि तरीही दिवसातून दहादा काहीतरी काळजी घेऊन त्यांच्याकडेच जात. मला वाटतं, ते दोन शब्द ऐकल्याशिवाय त्यांना जेवण जात नसावं.

पण या सगळ्यावर कळस म्हणजे घड्याळ. हेडसरांच्या खोलीत भिंतीवर किल्लीचं जुनं घड्याळ होतं. त्याची किल्ली दोऱ्याने हेडसरांच्या गळ्यात, जानव्यागत, असं मी एकदा गमतीने म्हणालो होतो. आम्ही दोघं बौद्ध, तेव्हा जानव्याचा प्रश्नच नव्हता, पण हेडसर हसले नाहीत, कारण दोरा तुटला तर काय, या विचारात ते गुंतले. चिंचेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता, तीच आमची घंटा. पोशन्ना खोलीतलं घड्याळ बघून टोल द्यायचा. भलत्या वेळी कुणी वाजवू नये म्हणून टोल द्यायचा लोखंडी दांडा हेडसर संध्याकाळी घरी घेऊन जात. आता, पोरं उशिरा येतील, आणि उशिरा आलं की काहीतरी अनर्थ होईल, ही हेडसरांच्या सर्व काळज्यांची आई. म्हणून त्यांनी एके काळी ते घड्याळ गुपचूप थोडं पुढे केलं. घंटा लवकर वाजू लागली. पोरं धावत येऊ लागली. मग थोड्या दिवसांत पोरांच्या, आणि त्याहून जास्त त्यांच्या आयांच्या लक्षात आलं की ही घंटा आगाऊ आहे, आणि पोरं पुन्हा रमतगमत येऊ लागली. हेडसरांनी काटा आणखी सरकवला. कॉलनीने हिशेब आणखी वजा केला. असं करत करत मी नोकरीला लागलो तोवर आमची शाळा सरकारी वेळेच्या चांगला अर्धा तास पुढे गेली होती.

कॉलनीचा सगळा संसार याच घंटेवर चाले. पहिली घंटा झाली म्हणजे अजून अर्धा तास आहे, भाकरी टाकायला हरकत नाही. जेवणाची घंटा झाली म्हणजे नळाला पाणी यायला वेळ आहे. चहावाला घंटा ऐकून दूध तापवायला ठेवी आणि मास्तर लोक येण्याच्या बरोबर वेळेला चहा उकळत असे. नव्याने राहायला आलेल्या बिऱ्हाडाला शेजारीण मीठ-साखर देताना पहिली ही गोष्ट सांगे, की शाळेची घंटा ऐकायची पण मनावर घ्यायची नाही. एकदा तपासणीचे साहेब अगदी ठरल्या वेळी जीपमधून उतरले, तर इकडे पहिला तास संपत आलेला. साहेब बिचारे स्वतःच्या मनगटाकडे बघून ओशाळले आणि उशीर झाल्याबद्दल त्यांनीच हेडसरांची माफी मागितली. तेव्हापासून स्टाफरूममध्ये रेडिओ आणायला बंदी झाली, कारण रेडिओ खरी वेळ सांगतो. हे गुपित कॉलनीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ते सगळ्यांना ठाऊक आहे, हे ठाऊक नव्हतं फक्त एका माणसाला. हेडसरांची अशी पक्की समजूत होती, की घड्याळ पुढे आहे हे त्यांच्याशिवाय जगात कुणालाच माहीत नाही.

त्यांना कुणी सांगितलं नाही. का सांगायचं? त्यांना वाईट वाटलं असतं, आणि आमचं काही बिघडत नव्हतं.

हे असं सुखाने चाललं असताना दहावीचं प्रकरण आलं. आठवी, नववी, दहावी मराठीत सुरू करा, म्हणून हेडसरांनी जिल्ह्याच्या दफ्तराच्या पायऱ्या झिजवल्या. साहेबांसमोर बसायला सांगितलं तरी ते खुर्चीच्या कडेवर बसत, खुर्ची मोडेल म्हणून. पण जात राहिले. काळजी करणारा माणूस भित्रा असतो असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. भित्रा माणूस घरी बसतो, हे तर रोज घाबरून तिथेच जात होते. अखेर मंजुरी आली. आठवी झाली, नववी झाली, आणि मराठीची पहिली दहावी परीक्षेच्या दारात येऊन उभी राहिली. तेव्हा दफ्तरातल्या एका साहेबांनी तोंडी सांगून टाकलं, या पोरांचा निकाल नीट लागला तर वर्ग चालू, नाही तर पुढच्या वर्षीपासून सगळ्यांना तेलुगूत बसवा. म्हणजे नाल्यापलीकडच्या पोरी पुन्हा वांगी तोडायला.

एवढं ऐकल्यावर हेडसरांचं काय झालं असेल याची कल्पना करा. त्यांची झोप गेली, मग भूक गेली, मग एक दिवस फळ्यासमोर उभे असताना चक्कर आली. गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजून सांगितलं की फार चालू नका आणि काळजी बंद करा. असं सांगणं म्हणजे माशाला पोहणं बंद कर म्हणण्यासारखं होतं, पण त्यांच्या पत्नीने, आमच्या बाईंनी, ते मनावर घेतलं. बाई आम्हा सगळ्यांना आईसारख्या. त्यांनी मला आणि ड्रिल सरांना घरी बोलावून चहा दिला आणि हेडसरांच्या देखत बजावलं, की परीक्षेचं सगळं आता तुम्ही दोघांनी पाहायचं, यांनी फक्त सोबत यायचं. हेडसर मान खाली घालून बशीतला चहा ढवळत होते. मग म्हणाले, बरं. इतक्या सहज ते बरं म्हणाले, तेव्हाच मला जरा भीती वाटायला पाहिजे होती.

बेत साधा होता. परीक्षेचं केंद्र गावातल्या मोठ्या शाळेत. पहिल्या घंटेला सगळ्या पोरांनी आपल्या शाळेत जमायचं. जैनथहून येणारी बस कॉलनीच्या फाट्यावर थांबते, तिच्यात सगळ्यांना घालायचं आणि रेल्वेचं फाटक ओलांडून केंद्रावर न्यायचं. फाटक बंद मिळालं तर काय, ही काळजी हेडसरांनी वर्षभर करून झाली होती. तिच्यासाठी आम्ही वेळ हाताशी ठेवला होता.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी हेडसरांच्या घरून त्यांच्या बरोबरच निघालो. ते न बोलता चालत होते, आणि चेहऱ्यावर कधी न पाहिलेली शांती होती. शाळेत आलो. त्यांनी पोशन्नाला दांडा दिला. पोशन्नाने खोलीत डोकावून घड्याळ पाहिलं, बाहेर जाऊन टोल दिले. आम्ही गेटपाशी उभे राहिलो. कुणी आलं नाही. थोडा वेळ गेला, तरी कुणी नाही. रस्त्यावर एक म्हैस चालली होती तेवढीच. मी सहज मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. घंटा सरकारी वेळेला झाली होती. बरोबर त्याच वेळेला, एका मिनिटाचाही फरक नाही.

"सर," मी म्हणालो, "घड्याळ..."

हेडसर माझ्या कानाशी आले. "मी काल येऊन बरोबर लावलं. कोणाले सांगू नका मास्तर, ते जरासं पुढं होतं. म्हटलं, परीक्षा सरकारची हाय, पोट्टे चुकीच्या येळेवर गोंधळतीन. आता निवांत वाटून राह्यलं."

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस निवांत झाला होता, आणि त्याच वेळी कॉलनीतल्या प्रत्येक घरात आई पोराला सांगत होती, की घंटा आत्ताच झाली, अजून अर्धा तास आहे, घास खाऊन जा. त्यांना हे कसं सांगायचं? सांगायला वेळही नव्हता, कारण जैनथच्या रस्त्यावर धूळ दिसायला लागली होती. मी एवढंच म्हणालो की पोरं येत नाहीत सर, बोलवायला पाहिजे. त्यांचा चेहरा मी बघितला नाही. ते पोशन्नाकडे धावले आणि त्याला म्हणाले, वाजव, थांबू नको. पोशन्ना जीव खाऊन रूळ बडवू लागला.

घाईत आम्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही, की आमच्या शाळेत लांब घंटा म्हणजे शाळा सुटली. कॉलनीने ती घंटा ऐकली आणि आपापला अर्थ लावला. पहिल्या गल्लीत बातमी पसरली की पेपर रद्द झाला. एका आईने तर पोराच्या अंगातला इस्त्रीचा शर्ट उतरवून परत ट्रंकेत ठेवला. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की घंटा वाजतेय, बस येतेय आणि रस्ता रिकामा आहे. तेवढ्यात ड्रिल सर सायकलवरून डुलत आले. मी दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं आणि वाट पाहत राहिलो, की आता ते म्हणतील. ते म्हणाले नाहीत. शिटी तोंडात धरून त्यांनी सायकल वळवली आणि तो गोल पोटाचा माणूस उभा राहून पायडल मारत गल्लीत शिरला. त्यांना 'एम कादु' न म्हणता जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

बस फाट्यावर आली, थांबली, दोन बाया उतरल्या, कंडक्टरने दोरी ओढली. आणि आमचे हेडसर, जे मोकळा रस्ता ओलांडतानासुद्धा पोशन्नाचा हात धरत, ते बसच्या समोर जाऊन उभे राहिले. दोन्ही हातांनी छत्री आडवी धरून. ड्रायव्हरने हॉर्न दिला. हेडसर डोळे मिटून उभे. कंडक्टर उतरून तेलुगूत सांगू लागला की वेळ झाली, तो काय करणार. हेडसरांना तेलुगू उत्तम येत होतं, पण त्या घटकेला ते कुठल्या कुठे गेलं आणि ते हिंदीत म्हणाले, "बच्चों का साल है, साहब." एवढंच, पुन्हा पुन्हा. आतले लोक ओरडायला लागले. बाजारला निघालेल्या भाजीवाल्या बायांनी मात्र आपल्या टोपल्या मांडीवर घेऊन जागा करायला सुरुवात केली. त्या बायांचे उपकार मी विसरणार नाही.

मग शिटी ऐकू आली, आणि शिटीच्या पुढे पोरं. कुणाच्या हातात भाकरी, कुणाच्या केसात तेल नुसतं ओतलेलं, ट्रंकवाला पोरगा बनियनवर शर्ट हातात घेऊन. आम्ही त्यांना पोत्यांसारखं बसमध्ये भरलं. हेडसर खिडकीबाहेरून एकेकाचं नाव घेत होते. शेवटी त्यांचा आवाज थांबला. "सुनंदा?" ते म्हणाले. कुणी ओ दिली नाही.

सुनंदा नाल्यापलीकडच्या भाजीवाल्याची मुलगी. वर्गातली सर्वांत हुशार, हेडसरांनी तिच्या बापाला तीन वर्षं समजावून शाळेत टिकवलेली. तिचं घर इतकं लांब, की घंटाही तिथे पोचत नसे. कंडक्टर आता थांबायला तयार नव्हता, आणि त्याचं बरोबर होतं. हेडसर मला म्हणाले, "तुमी जा याइले घेऊन. मी तिले घेऊन येतो." मी म्हणालो, सर तुम्हाला डॉक्टरांनी चालायला मना केलंय. ते म्हणाले, मग पळतो. आणि खरंच, पिशवी सावरत, छत्री टेकत नाल्याच्या दिशेने पळाले. बस सुटली. मागच्या काचेतून ते लहान लहान होताना मला दिसत होते. एक मुलगी रडत होती, ती सुनंदाची मैत्रीण. मी तिला काही होत नाही म्हणालो, आणि ते ड्रिल सरांच्या तोंडी जसं शोभतं तसं माझ्या तोंडी शोभलं नाही.

रेल्वेचं फाटक उघडं होतं. ज्याची काळजी वर्षभर केली ते उघडं, आणि ज्याची कुणालाच काळजी नव्हती त्याने घात केला होता. केंद्रावर आलो तेव्हा घंटा होऊन गेली होती आणि चपराशी लोखंडी दार ओढत होता. मी ओरडलो, पोरं धावली, तो थबकला. आणि दाराच्या आत, पायरीवर, मांडीवर पॅड घेऊन, वेण्या घट्ट बांधून, सुनंदा बसली होती.

ती पहाटेच आली होती. बापाची वांग्यांची बैलगाडी बाजाराला निघाली, तिच्यावर बसून. मी विचारलं, अगं इतक्या लवकर कशाला? ती माझ्याकडे नवलाने पाहत म्हणाली, "हेडसर म्हणते ना, उशीर करायचा नाई. आमच्या घरी घड्याळ नाई सर, म्हून बाबासंग आली." साऱ्या कॉलनीत हेडसरांची काळजी जशीच्या तशी, काहीही वजा न करता घेणारी ती एकटी निघाली. पोरं आत गेली, दार बंद झालं, आणि मी बाहेर रस्त्यावर उभा राहिलो. आता हेडसरांना कसं कळवायचं? ते तिकडे रिकाम्या घराला कुलूप बघून काय काय मनात आणत असतील, हे मला इथे उभ्या उभ्या दिसत होतं. त्या वाट पाहण्याएवढं लांब काही मी आजवर अनुभवलं नाही. पेपर पोरांचा होता, पण घाम मला फुटत होता.

ते आले ड्रिल सरांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून. धोतर चिखलाने भरलेलं, छत्रीची काडी मोडलेली, पिशवी मात्र खांद्याला. घराला कुलूप पाहून परतताना ड्रिल सरांनी त्यांना नाल्याजवळ गाठलं होतं. हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, सुनंदा आत आहे सर, पहाटेपासून आहे, सगळे आत आहेत. ते तिथेच कुंपणाशी, निंबाखाली, जमिनीवर बसले. रुमाल काढला, तोंडावर धरला, आणि बराच वेळ काढलाच नाही. ड्रिल सर त्यांच्या शेजारी बसून पाठीवर हात फिरवत राहिले. मग फार हळू, जणू अजून खात्री नसल्यासारखे म्हणाले, "एम कादु सार."

पेपर सुटायच्या आधी केव्हातरी हेडसरांनी मला विचारलं, "मास्तर, पोट्टे काऊन नाई आले?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं, "सर, घड्याळ पुढं राह्यते हे साऱ्याइले मालूम हाय."

"कवापासून?"

"मी आलो त्याच्याही आधीपासून."

ते निंबाच्या काड्या वेचत राहिले. "आन कोणी सांगितलं नाई मले."

"तुमाले वाईट वाटन म्हून, सर."

मला वाटलं ते रागावतील. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "माझा बाप मालकाच्या हाकेवर उठे. घरात घड्याळ नोयतं. मोठ्याच्या पोराले उशीर झाला त बस थांबते मास्तर, परीक्षासुदिक थांबते. आपल्या पोराले उशीर झाला त वर्ष जाते. मले दुसरी काई काळजी नाई." दुसरी काही काळजी नाही, असं त्या माणसाने म्हणावं, याचं मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी चहा आणण्याचं निमित्त करून उठलो.

त्याच दुपारी त्यांनी घड्याळाचा काटा पुन्हा पुढे केला, या वेळी आम्हा सगळ्यांसमोर, स्टुलावर चढून. स्टूल मी धरलं होतं, पोशन्नाने मला धरलं होतं. बाकीच्या पेपरांना पोरं बरोबर वेळेवर आली. निकाल चांगला लागला, वर्ग टिकला, सुनंदा पुढे शिकून बाजारहत्नूरकडे शिक्षिका झाली. हेडसर निवृत्त झाल्यावर नव्या माणसाने ते घड्याळ रेडिओला जुळवलं, आणि कॉलनी कित्येक दिवस सगळीकडे उशिरा पोचत होती. मग सवय झाली. घरोघर घड्याळं आली, आणि घंटेकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही.

मागे एकदा त्यांना भेटायला गेलो. बाईंनी दारातच सांगितलं की आता त्यांना फारसं आठवत नाही, कशाची विचारपूस करत नाहीत, जेवायला वाढलं तर जेवतात. छत्री कोपऱ्यात होती, पिशवी खुंटीला. आभाळ भरून आलं होतं आणि हेडसर अंगणात खुर्ची टाकून त्याकडे नुसतेच पाहत होते. अंगणात कपडे वाळत होते. हेडसरांनी त्या कपड्यांचं नावसुद्धा काढलं नाही. मी शेजारी बसलो. मला ओळखलं की नाही, कळलं नाही. या माणसाने एकदा तरी घाबरावं, वीज पडेल म्हणावं, मास्तर घरी जा, बस चुकेल म्हणावं, असं मला फार फार वाटत होतं. शेवटी मी उठलो, तसा त्यांनी माझा हात धरला. पकड अजून घट्ट होती.

"सुनंदा पोचली का?" त्यांनी विचारलं.

"पोचली सर," मी म्हणालो. "साऱ्याइच्या आधी पोचली."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, खरं सांगतोय की नाही ते. मग हात सोडला आणि खुर्चीला पाठ टेकली. पावसाचे थेंब पडायला लागले होते. मी दोरीवरचे कपडे काढून बाईंकडे दिले, आणि बसला अजून वेळ होता तरी फाट्याकडे निघालो.